चुलीवरची मधली जागा

दिवाळीनंतरच्या आठवड्यात मी सुरगाण्याच्या बाजूला जाऊन आले. तीन दिवसांचा प्रवास, तोही आपल्याच जिल्ह्यातला. त्याचं काय एवढं लिहायचं, असं कुणी म्हणेल. पण नाशिकच्या माणसाला दिल्ली माहीत असते, दुबई माहीत असते, आणि वणीच्या पुढे रस्ता कुठे जातो हे माहीत नसतं. मलाही नव्हतं.

माझा धाकटा भाऊ विलास त्या भागात गुरांचा डॉक्टर होता. नोकरीतली जवळजवळ सगळी वर्षं त्याने सुरगाण्याच्या पुढच्या एका पाड्यावर काढली. बदली त्याने मागितली नाही, आणि एकदा न मागता मिळाली ती खटपट करून रद्द करून घेतली. लग्न त्याने केलं नाही, मीही केलं नाही. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. आमचा फुलांचा मळा होता; आईवडिलांच्या मागे तो गेला, तिथे इमारती झाल्या, आणि त्यातल्याच एकीत दुसऱ्या मजल्यावर मी राहते. विलास सणासुदीला यायचा, भाऊबीजेला तर नक्कीच. येताना वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं आणायचा. त्यात धुरावर वाळवलेले मासे असत. बोटभर लांबीचे, तांबूस काळे, लाकडासारखे कडक. मी ते डब्यात भरून महिनोन्महिने पुरवायची. कांद्यावर दोनच मासे परतले तरी सगळ्या घराला चुलीचा वास येई, आणि गॅसच्या शेगडीसमोर उभी असूनही मला कुणाच्या तरी घरी पाहुणी आल्यासारखं वाटे.

गेल्या माघात विलास गेला. इथेच, नाशिकला, दवाखान्यात. पाड्यावर तो काशीराम नावाच्या शेतकऱ्याच्या पडवीतल्या खोलीत राहायचा. काशीरामभाऊंचा अधूनमधून फोन येई. खोली रिकामी करा असं ते एकदाही म्हणाले नाहीत. "सवडीनं या," एवढंच.

यंदाची भाऊबीज आली. ज्या बहिणीला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळायचं अशी आपल्याकडे रीत आहे. मी गच्चीवर जाऊन ओवाळलं आणि ताट घेऊन खाली आले. दुसऱ्या दिवशी डबा उघडून पाहिला तर तळाशी नुसता भुगा होता. सुक्या मासळीच्या बाजारात जाऊन आले. तिथे बोंबील होते, सुकट होती, सगळं समुद्राचं आणि उन्हात वाळवलेलं. त्याला मिठाचा वास येत होता. मला धुराचा हवा होता.

तेव्हा मी एक मोठी रिकामी पिशवी घेतली. विलासचं सामान आणायचं होतं, हे कारण सांगण्याजोगं होतं. त्या माशांचं एक शेवटचं पुडकं मिळालं तर हवं होतं, हे मी कुणाला सांगितलं नाही.

वर जाणारी जीप

दिंडोरीपासून दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या बागा लागतात. वणीला गडावर जाणारी मंडळी उतरली आणि बस निम्मी रिकामी झाली. पुढे घाट. भात कापून झाला होता, खाचरांत पिवळी धसकटं उभी होती, आणि उतारांवर नागलीची कणसं काढायचं काम चाललं होतं. समोरून एकामागून एक जिपा येत होत्या. टपावर गाठोडी, पातेली, एखादी कोंबड्यांची टोपली, आणि आत खच्चून माणसं. द्राक्षांच्या कामाला खाली निघालेली.

सुरगाण्याला मी पुढची जीप धरली, तेव्हा चालकाने मला आरशातून पाहिलं. "मावशी, सगळा मुलूख खाली उतरतोय नि तुम्ही वर कुठं निघालात?"

मी कुणाकडे जायचं ते सांगितलं. त्याने गाडीतलं गाणं बारीक केलं.

"डॉक्टरांच्या बहीण तुम्ही?" मग शेजारी बसलेल्या माणसाला म्हणाला, "ऊठ रे, मागं जा. ताईंना पुढं बसू दे." तो माणूस तक्रार न करता मागे गेला. थोड्या वेळाने चालक आपण होऊन बोलला. "माझ्या म्हशीनं दोन दिवस चारा सोडला होता. डॉक्टर रात्रभर गोठ्यात बसले. सकाळी मला म्हणाले, म्हैस ठीक आहे, तू दारू कमी कर."

मागे कुणीतरी विचारलं, "मग केलीस का?"

"म्हैस अजून ठीक हाय," तो म्हणाला, आणि सगळी गाडी हसली. मीही हसले असेन. मला माहीत असलेला विलास माझ्या घरी आला की वर्तमानपत्र वाचत बसायचा आणि चहा गार करायचा. असं फटकन बोलणारा विलास मला भेटला नव्हता.

माळा

काशीरामभाऊंचं घर कुडाचं आहे, शेणामातीने लिंपलेलं, वर कौलं. पुढे पडवी, तिच्या एका टोकाला विलासची खोली. आत एकच मोठं दालन आणि कोपऱ्यात चूल. आमच्या मळ्यातल्या घरात चूल होती तेव्हा तिच्यावर धुराडं होतं. इथे चुलीच्या वर, हात उंच केला की पोचेल एवढ्या अंतरावर, बांबूच्या कामट्यांचा माळा टांगलेला होता. माळ्यावर बियाण्याची कणसं, मिरच्या, सुपं. धूर त्यातून वाट काढत कौलांतून बाहेर पडतो. सगळं काळं, चकचकीत, जुन्या लाकडी खेळण्यांसारखं.

माळ्याच्या मधोमध, बरोबर विस्तवाच्या वर, माशांची एक माळ लोंबत होती. फार जुनी दिसली. मासे काजळून कोळशासारखे झाले होते. तिच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी होती.

मंजुळाबाईंनी, म्हणजे काशीरामभाऊंच्या बायकोने, मला पाट दिला आणि कोरा चहा दिला. नवराबायको आपसांत त्यांच्या बोलीत बोलत, माझ्याशी बेताच्या मराठीत. मी माळेकडे पाहत होते हे मंजुळाबाईंनी पाहिलं.

"डॉक्टरांची हाय ती," त्या म्हणाल्या. "मार्गशीर्षात लावली. संक्रांतीला तुमच्याकडं आणायची होती."

संक्रांतीला विलास आला होता, पण रिकाम्या हाताने आणि अंगात ताप घेऊन.

मला वाटलं, त्या माळ काढून माझ्या हातात देतील. मी स्वतःहून मागणं बरं दिसलं नसतं. दुसऱ्याच्या घरात पहिल्याच दिवशी वर बोट दाखवून हे मला द्या म्हणायचं, ही आमच्या घरची शिकवण नाही. मंजुळाबाई माझ्याकडे पाहत राहिल्या, काशीरामभाऊ विस्तवाकडे. मग विषय द्राक्षांवर गेला. दोन दिवसांनी काशीरामभाऊ पिंपळगावच्या बाजूला कामाला निघणार होते, ते फाल्गुनापर्यंत. मंजुळाबाई गुरांसाठी मागे राहणार होत्या. बागेवर भाजीला पैसे घालवायचे नसतात, म्हणून बरोबर धुरावरचे मासे न्यायचे. ओढ्याचं पाणी उतरलं होतं, उद्या सकाळी मासे धरायचे होते.

संध्याकाळी मी विलासची खोली उघडली. खाट, गमबूट, औषधांची पेटी, आणि मी दर वाढदिवसाला दिलेली पुस्तकं, एका फळीवर ओळीने. सगळ्यांच्या पानांना धुराचा वास होता. त्यातलं एक वाचत मी झोपायचा प्रयत्न केला. पलीकडून मंजुळाबाईंच्या खोकल्याचा आवाज येत होता. इतकी वर्षं त्यानेही हाच आवाज ऐकला असेल, असं वाटलं. माझ्या घरी मला इमारतीच्या लिफ्टचा ऐकू येतो.

ओढा आणि आग

सकाळी ओढ्यावर गेलो. काशीरामभाऊंनी दगड आणि चिखल लावून प्रवाह एका बाजूला वळवला होता आणि उरलेल्या अरुंद वाटेत बांबूचा निमुळता सापळा बसवला होता. मासा आत जातो, त्याला मागे वळता येत नाही. सापळा उचलला तेव्हा आत चांदीसारखी तडफड होती. खवल्या, मळे असे बारीक मासे, आणि एक वाम, सापासारखी. ती वाम मंजुळाबाईंनी राखेच्या हाताने धरली आणि मला म्हणाल्या, "धरता का?" मी मागे सरले. "डॉक्टरबी असेच मागं सरायचे. बैलाच्या तोंडात हात घालतील, पण वाम नको."

घरी आल्यावर त्यांनी मासे दगडावर घासले, पोटं फाडून धुतली, मीठ आणि हळद चोळली. मग वाखाचा दोर घेतला आणि बांबूच्या अणकुचीदार काडीने एकेक मासा डोळ्यातून ओवू लागल्या. शेवटचा मासा ओवून झाला की दोर त्याच्या शेपटीभोवती दोनदा वेढायचा, वेढ्यातूनच टोक वर काढायचं आणि ओढायचं. त्यांचा हात भराभर चालला होता आणि मी मात्र त्या हाताकडे पाहतच राहिले.

आमच्याकडे झेंडूची माळ अशी संपवतात. शेवटच्या फुलाला दोऱ्याचे दोन वेढे, म्हणजे माळ टांगल्यावर फुलं घसरत नाहीत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी विलास आणि मी मळ्यात समोरासमोर बसून अशा माळा करायचो. कुणाची आधी होते याची पैज असायची.

"ही गाठ तुमच्याकडची?" मी विचारलं.

"कुठली? आमी साधी मारायचो. मासे सुकले का गळून पडायचे. ही डॉक्टरांनी दाखवली." त्यांनी दोर ओढून दाखवला. "आता अख्खा पाडा हीच मारतो."

त्यांनी ती माळ माळ्याच्या अगदी कडेला, भिंतीजवळ टांगली. मध्ये एवढी जागा असताना त्या तिथे का टांगताहेत, हे मला कळलं नाही. धूर तिकडे नीट जातही नव्हता. त्या दुसरी माळ घेऊन आल्या, तीही कडेलाच. मग चुलीत ओलं लाकूड सारलं, वर भाताचा तूस टाकला, आणि दाट पांढरा धूर उठला. पाणी आणायला निघताना मला म्हणाल्या, "ताई, जरा चुलीकडं बघा."

मी बघितलं. आता सांगायला हरकत नाही, मी ज्या घरात वाढले तिथे धुरकटलेली चूल म्हणजे घरच्या बाईचा आळस. आईने मला लिहायला शिकवायच्या आधी फुंकणी धरायला शिकवली होती. डोळे चुरचुरायला लागले आणि माझे हात आपोआप चालू लागले. ओलं लाकूड बाजूला केलं, कोपऱ्यातल्या वाळक्या काटक्या घेतल्या, तूस उकरून काढला, फुंकणी घेतली आणि अशी फुंकर घातली की जाळ भिंतीच्या अंगाने वर गेला. धूर नाहीसा झाला. आईने शाबासकी दिली असती. मी समाधानाने पाटावर बसले.

थोड्या वेळाने वरून तेलाचे थेंब पडू लागले. मग एक मासा पडला, विस्तवाच्या कडेला. मग दुसरा. कडेच्या माळेला जाळाची झळ लागून ताजे मासे भाजून मऊ झाले होते आणि दोरातून सुटत होते. मी चिमट्याने काढायला गेले तर आणखी दोन पडले.

मंजुळाबाई हंडा घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांनी चुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हंडा खाली ठेवला आणि हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, भिंतीला टेकून हसल्या.

"पहिल्या वर्षी डॉक्टरांनी असंच केलं. अशीच फुंकणी घेऊन. मी त्यांना म्हणले, डॉक्टर, मासं शिजवायचं नाय, त्याला धूर पाजायचा. तुमच्या घरचीच खोड दिसते."

काशीरामभाऊही आले. पडलेले मासे आम्ही तिघांनी मीठ लावून तिथेच खाल्ले. मी पुन्हा पुन्हा वाईट वाटलं म्हणत होते. ते फाल्गुनापर्यंत पुरायचं अन्न होतं, ते मी एका फुंकरीत जाळलं होतं.

"तुमची चूक नाय," मंजुळाबाई म्हणाल्या. "कडेची जागाच वाईट, माळा तिथं खाली झुकलाय. मधी टांगलं असतं तर उंच गेलं असतं, जाळ लागला नसता. पावसाळाभर आमचं असंच झालं. कडंला टांगलेलं धड सुकत नाय. निम्मं किड्यांनी खाल्लं."

"गप," काशीरामभाऊ म्हणाले.

"का गप? ताईंना ठावं नाय तर कसं कळंल?"

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्यात असं असतं, की चुलीवर माळ ज्याच्या हाताने चढली, त्याच्याच हाताने उतरायची. दुसऱ्याने हात लावायचा नाही, मग भूक लागलेली असो की घरात पाहुणा आलेला असो. आणि माणूसच राहिला नाही, तर त्याच्या रक्ताचं कुणी येऊन उतरवतं. तोवर ती जागा त्याची.

"आमी फोनवर कसं म्हणायचं?" काशीरामभाऊ जमिनीकडे पाहत म्हणाले. "माणूस गेल्यावर लगेच जागा मोकळी करा म्हणायचं का? तुमाला वाटलं असतं, यांना खोली पायजे."

म्हणजे आदल्या संध्याकाळी मी त्यांनी द्यायची वाट पाहत होते, आणि ते मी घ्यायची. माघापासून कार्तिकापर्यंत त्यांनी आपल्याच चुलीच्या कडेला दाटीवाटीने संसार केला होता, माझ्या भावाची माळ हलू नये म्हणून.

मी उठून खोलीत गेले आणि पुस्तकं पिशवीत भरायला लागले. खरं सांगायचं तर मला ती माळ उतरवायची नव्हती. मी तिच्यासाठीच आले होते. पण ती तिथे टांगलेली होती तोवर विलासचं एक काम अजून पुरं व्हायचं होतं. त्याने लावलेलं काहीतरी अजून धुरावर होतं. नाशिकला त्याचं असं काहीही शिल्लक नव्हतं; दाखले, सह्या, सगळं मी माझ्या हाताने संपवून आले होते.

ऊन उतरताना काशीरामभाऊ पुन्हा ओढ्यावर गेले, गेलेले मासे भरून काढायला. परतले तेव्हा टोपली अर्धी होती. मंजुळाबाई ओवायला बसल्या. मीही काडी घेऊन समोर बसले. बोटांना अजून आठवत होतं. शेवटच्या माशाला दोन वेढे दिले, टोक वर काढून ओढलं. मंजुळाबाईंनी माझी माळ हातात घेऊन झटकून पाहिली. एकही मासा हलला नाही.

रात्रीपुरत्या आम्ही त्या माळा दांडीवर टांगल्या.

उतरवणं

सकाळी काशीरामभाऊंचं गाठोडं पडवीत बांधून तयार होतं. जीप दुपारी येणार होती. मी चुलीपाशी गेले आणि म्हणाले, "पाट द्या."

पाटावर उभी राहिले. माळ हाताला हलकी लागली, वाळलेल्या शेंगांसारखी वाजली. माळ्याच्या कामटीला तिची गाठ काजळीने चिकटून बसली होती. कापायची नाही, सोडवायची, असं मंजुळाबाई खालून म्हणाल्या. नखांनी उकरत सोडवली. बराच वेळ लागला. कुणी घाई केली नाही. खाली उतरले तेव्हा माझे हात कोपरापर्यंत काळे होते. शेवटच्या माशाला दोन वेढे होते.

पहिला मासा विस्तवाला द्यायचा असतो, तो दिला. मग मंजुळाबाईंनी चार मासे निखाऱ्यावर ठेवले, पाट्यावर मिरची-लसणाबरोबर ठेचले आणि नागलीच्या गरम भाकरीवर घातले. मी पहिला घास खाल्ला. डब्यातल्या त्या चवीचा त्यात मागमूस नव्हता. इतके महिने धूर पिऊन त्यात मासा उरलाच नव्हता. कडू, कोरडी राख होती. काशीरामभाऊंनी खाल्लं, मंजुळाबाईंनी खाल्लं, कुणी तोंड वाकडं केलं नाही. मीही भाकरी संपवली. संक्रांतीला आली असती तर चांगली लागली असती, असं मंजुळाबाई म्हणाल्या, आणि ते खरं होतं.

उरलेले मासे ओढ्यात सोडायचे असं ठरलं. "घेऊन जाता का?" त्यांनी विचारलं होतं. मी नको म्हटलं.

चुलीवर मधली जागा मोकळी झाली. तिथे माळ्याची कामटी एक वीतभर उजळ दिसत होती. मंजुळाबाईंनी काशीरामभाऊंच्या माळा चढवल्या, पण मधोमध थोडी जागा सोडून. मग दांडीवरून मी ओवलेली माळ काढली आणि माझ्या हातात दिली.

काशीरामभाऊ पाहत होते. "अगं, त्यांना पुन्हा यायला लागंल मग."

"येतील की," मंजुळाबाई म्हणाल्या. "पाट तिथंच हाय, ताई."

घरी

पिशवीत पुस्तकं, पेटी आणि गमबूट आले. पुडकं आलं नाही. डबा धुऊन पालथा ठेवला आहे. साडीचा वास दोन दिवस राहिला, मग गेला. पुस्तकांचा अजून आहे. लिफ्ट वर जाते, खाली येते. संध्याकाळी मी दिवा लावते आणि वाचत बसते, पूर्वीसारखीच.

परवा मंजुळाबाईंचा फोन आला. काशीरामभाऊंच्या माळा सुकल्या, खाली जाणाऱ्या एका माणसाबरोबर त्यांनी बागेवर पाठवून दिल्या. घरात त्या एकट्याच आहेत. नागली झोडून झाली. मग म्हणाल्या, "तुमची माळ मस्त झालीय, ताई. तांबडी. आता फार दिवस ठेवली तर काळी पडंल."

मी म्हटलं, "तुम्हीच काढा आणि खा ना. तुम्ही तिथे एकट्या."

"मी नाय हात लावायची," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी डबा सरळ केला, पुसला आणि त्याच मोठ्या पिशवीत ठेवला. पिशवी दाराशी आहे. उद्या सकाळची पहिली गाडी धरायची आहे.